बारा व्होल्ट दिसतात, पण फॅन फिरत नाही

गॅरेजच्या वहीतल्या नोंदी, अक्कलकोट रोड, सोलापूर. एप्रिल २०२५.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंतीची सुट्टी होती. आज शटर उघडायला आलो तर गुरुजी आधीच गाडी लावून उभे. दहावीला त्यांनी मला विज्ञान शिकवलं. ओहमचा नियम पहिल्यांदा कळला तो त्यांच्या वर्गात, आणि गेली बावीस वर्षं मी त्यावरच पोट भरतोय. त्यामुळे हे काम घाईने करायचं नाही, असं भाच्याला सकाळीच सांगून ठेवलं.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २००९ सालची, एमपीएफआय इंजिन, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. किलोमीटर ८७ हजार. रेडिएटरला एकच इलेक्ट्रिक फॅन. एसी लावला तरी तोच फिरायला हवा.

तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण निम्मं निदान त्यात असतं. "अरे, इथून कुंभारी, वळसंग करत अक्कलकोटपर्यंत काटा अर्ध्याच्याही खाली असतो. परत येताना अशोक चौकात सिग्नलला थांबलो की दोन-तीन मिनिटांत वर चढायला लागतो. गाडी हलली की परत उतरतो. एसी तर मी लावायचाच सोडलाय."

यातून दोन गोष्टी कळतात. पळताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, तिथे फॅनची गरज जवळजवळ नसते. उभ्या गाडीला वारा नाही, तिथे सगळी मदार फॅनवर. म्हणजे रेडिएटर पूर्ण तुंबलेला नाही आणि वॉटर पंप पाणी फिरवतोय. नाहीतर गाडी रोडवरही तापली असती. संशय फॅनवरच जातो. दुसरी गोष्ट 'अर्ध्याच्याही खाली' ही. एप्रिलच्या उन्हात रोडवर काटा अर्ध्याच्या खाली का राहावा? याचं उत्तर आज नाही, पण अधोरेखित करून ठेवतो.

आधी काय काय झालं ते विचारलं. दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली आहे. पहिल्याने टेंपरेचर सेन्सर बदलला, दुसऱ्याने रिले, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. फरक शून्य. मग सांगितलं, "फॅन डायरेक्ट करून देतो." चावी फिरवली की फॅन चालू, चावी बंद तर फॅन बंद, असं ते डायरेक्ट. गुरुजींनी नको म्हटलं आणि गाडी इकडे आणली. जुना सेन्सर आणि जुना रिले दोन्ही त्यांनी मागून घेतले होते, डॅशबोर्डच्या खणात कागदात गुंडाळून ठेवलेत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. काढलेला भाग पुरावा असतो.

डायरेक्ट करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यात गाडी अडकली, बायका-पोरं आत आहेत, तर घरी पोचेपर्यंत जरूर करावं, मीही केलंय. पण तो इलाज म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालू नये. मोटरचे कार्बन ब्रश विनाकारण झिजतात, थंडीत सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर ते जास्त पेट्रोल खातं. आणि मुख्य म्हणजे मूळ बिघाड जिथल्या तिथे राहतो.

गाडी थंड होती म्हणून झाकण आजच उघडलं. तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे भाच्याला दर वेळी सांगतो आणि सांगत राहणार. आत कूलंट नव्हतंच, तांबूस-तपकिरी पाणी. गुरुजी म्हणाले, कमी झालं की बोअरचं टाकतो. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, मग सगळ्यांचाच हात बोअरच्या बादलीकडे जातो. पण त्या पाण्यातले क्षार आत थरावर थर बसतात. हे नंतर बघू. आधी वीज.

१६ एप्रिल, बुधवार

सुरुवात वरून खाली. बॅटरी १२.४ व्होल्ट. फॅनचा ३० अँपिअरचा फ्यूज काढून डोळ्यांनी पाहिला, मग मीटर लावून दोन्ही बाजू पाहिल्या. ठीक.

पुढे एक परीक्षा केली. ती मला फार आवडते, कारण एका कृतीत तीन माणसांची साक्ष होते. चावी ऑन केली आणि टेंपरेचर सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढला. सेन्सर तुटलाय असं ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं, आणि बहुतेक एमपीएफआय गाड्यांत ते खबरदारी म्हणून फॅन चालू करायला सांगतं. रिलेने टिक केलं तर ईसीएम जिवंत, आज्ञा द्यायची वायर जिवंत, रिलेची कॉइल जिवंत.

पण टिक ऐकू यायला हवी ना. आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूम आहेत, टॉवेलचे माग. दिवसभर खडखडाट. म्हणून भाच्याला रिलेवर बोट ठेवायला लावलं आणि मी कपलर काढला. "मामा, हललं! बोटाला लागलं." परत लावला, परत काढला; दर वेळी लागलं. एसी लावला तरी रिले उचलला जातोय. फॅन मात्र ढिम्म.

म्हणजे सेन्सर बदलायची गरज नव्हती. सेन्सर मेला असता तर ईसीएमने फॅन आपणहून चालू केला असता, आणि एसीवर तर सेन्सरचा संबंधच नाही. पहिल्या ठिकाणी कुणी एसीचं बटण दाबून पाहिलं असतं तरी हा खर्च वाचला असता.

रिले उचलला जातो म्हणजे आतला संपर्क जुळतोच असं नाही. हॉर्नचा रिले त्याच मापाचा आहे, तो काढून फॅनच्या जागी लावला. फॅन नाहीच. फॅनचा रिले हॉर्नच्या जागी लावला, हॉर्न खणखणीत. रिलेही सुटला. खणातला जुना रिले लावून पाहिला, त्यावरही हॉर्न वाजला. तोही चांगला होता.

उरली मोटर आणि तिच्यापर्यंतची वायर. भाच्याने मोटरचा कपलर सोडला, रिले उचललेल्या अवस्थेत कपलरच्या दोन पिनांमध्ये मीटर धरलं. १२.३.

"बारा व्होल्ट येतंय की मामा. मोटर गेली."

मीही मान हलवली. फॅन उतरवला, दोन जंपर वायरी थेट बॅटरीवरून दिल्या. फॅन असा सुटला की पायाखालचा धुरळा उडाला. क्लॅम्प मीटरवर ९ अँपिअर, स्थिर. पातं हाताने फिरवून पाहिलं, बुश घट्ट नाहीत. ब्रश झिजले असले तर मोटर एखाद्या ठिकाणी अडते, म्हणून दहा वेळा बंद-चालू केली, दर वेळी पातं वेगळ्या जागी थांबवून. एकदाही अडली नाही.

मोटर चांगली, फ्यूज चांगला, रिले चांगला, कपलरवर बारा व्होल्ट. सगळं जोडलं की फॅन उभा. संध्याकाळ झाली होती. चहा सांगितला आणि वहीत आजची शेवटची ओळ लिहिली: मीटर कपलर *सोडून* धरलं होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

गुरुजी आज एसटीने अक्कलकोटला गेले. गुरुवार चुकवत नाहीत. २६ तारखेला स्वामींची पुण्यतिथी आहे, तोवर गाडी हवी, एवढंच जाताना म्हणाले.

आज जे केलं ते नीट लिहितो, कारण नव्या मुलांकडून नेमकं हेच सुटतं.

डिजिटल मीटर व्होल्ट मोजताना वायरीतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. मीटरचा आतला रोध एक कोटी ओहमच्या घरात. वायर कुठे कुजून तिथे पाच ओहमचा अडथळा तयार झाला असला, तरी एक कोटीपुढे पाच म्हणजे काहीच नाही. म्हणून मीटर निर्धास्तपणे बारा दाखवतं. मोटरला मात्र ९ अँपिअर लागतात, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. तेवढा करंट त्या अडथळ्यातून जाऊच शकत नाही. नळ सोडल्यावर धार लागते का, हे बघायचं तर टोटीला नुसतं बोट लावून ओल आहे म्हणून भागत नाही. खाली घागर ठेवावी लागते.

ती घागर म्हणजे हेडलाइटचा जुना बल्ब. ६०/५५ वॅटचा एच-४, एक फिलामेंट जळालेलं आणि ६० वॅटचं शाबूत. असे बल्ब मी फेकत नाही. त्याला दोन वायरी आणि दोन पिना लावून ठेवल्यात. पूर्ण व्होल्टला तो ५ अँपिअर ओढतो.

तोच बल्ब फॅनच्या कपलरला लावला. सेन्सरचा कपलर काढला, रिले उचलला.

बल्ब पेटला नाही. काच हाताच्या सावलीत धरून बारकाईने पाहिलं तेव्हा फिलामेंट विझत्या उदबत्तीच्या टोकासारखं लालसर दिसलं. बल्बच्या दोन टोकांना मीटर: २.१ व्होल्ट. त्याच क्षणी बॅटरीवर १२.२.

"दहा व्होल्ट गेलं कुठं मामा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. व्होल्ट हरवत नाहीत, वाटेत कुठेतरी खर्च होतात, आणि मीटर तिथे लावलं की सापडतात. बल्ब पेटता ठेवूनच एकेक टप्पा मोजला. मीटरची एक पिन टप्प्याच्या सुरुवातीला, दुसरी शेवटाला.

मोटरच्या अर्थ (मायनस) पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.०५. म्हणजे अर्थ उत्तम. मला खरं तर अर्थचाच संशय होता. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. बॅटरी प्लसपासून फ्यूजच्या पलीकडे ०.१. फ्यूजपासून रिलेच्या ३० नंबर पिनेपर्यंत ०.१. रिलेच्या ३० पासून ८७ पर्यंत, म्हणजे रिलेच्या संपर्कात, ०.१५. आणि ८७ पासून मोटरच्या प्लसपर्यंत, एका साध्या दीड मीटर वायरीत, ९.७ व्होल्ट.

बेरीज १०.१. बल्बवर २.१. एकूण १२.२, बॅटरीएवढीच. एकही व्होल्ट बेहिशेबी नाही.

इतक्यात लाईट गेली. मागचे माग एकदम थांबले आणि शेडमध्ये शांतता पसरली. भाच्याने सेन्सरचा कपलर लावून परत काढला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा रिलेची टिक आम्ही कानांनी ऐकली. तो हसला. मीही.

शांततेत आणखी एक समजलं. बल्ब लावून मिनिटभर झाल्यावर बॅटरीच्या बाजूने प्लास्टिक तापल्याचा बारीक वास यायला लागला. जिथे ९.७ व्होल्ट खर्च होतात तिथे उष्णता होणारच. बल्ब लगेच काढला. वास कुठून येतोय ते कळलं होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

बॅटरीचा मायनस आधी सोडला, मग बॅटरी बाहेर काढली, मग ट्रे. ट्रेच्या खाली वायरिंगचा गठ्ठा हेडलाइटमागून रेडिएटरच्या वरच्या पट्टीकडे जातो. कंपनीची टेप करड्या छटेची, गुळगुळीत, वीतभर अंतरावर नीट गुंडाळलेली. तिथे मध्येच एका जागी चार बोटं लांब काळी साधी पीव्हीसी टेप. वरून दाबली तर मऊ लागली.

ब्लेडने टेप उभी चिरली. आतून हिरवट-पांढरी पूड सांडली. दोन वायरी एकमेकींना नुसत्या पिळलेल्या, सोल्डरचा डाग नाही, थिंबल (दाबून बसवायची धातूची टोपी) नाही. तांब्याचे तीसेक धागे असतील. त्यातले शाबूत तीन-चार, तेही काळवंडलेले. बाकीचे हिरवे होऊन बोटात चुरडले जात होते. एका बाजूचं आवरण वितळून जांभळट झालेलं. पुढच्या बंपरचं काम कधी झालं होतं का, हे गुरुजींना फोनवर विचारलं. "हो, सहा वर्षांमागे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून लागली होती." त्या वेळी फॅनच्या कपलरसकट वायरीचा तुकडा बदलला असणार आणि सांधा नेमका बॅटरीखाली आला. बॅटरीतून आम्लाचा अंश झिरपतो, पावसाळ्यात ट्रेमधून पाणी गळतं, आणि उघडं तांबं सहा वर्षं ते पीत राहिलं. जसजसा सांधा कुजला तसतसा तो तापला, तापला तसा आणखी कुजला.

सांध्याचा फोटो काढला. तुकडा कापून डबीत ठेवला, गुरुजींना दाखवायला.

दुरुस्ती: नुसता सांधा नवा केला नाही. हिरवेपणा आवरणाच्या आत वर चढतो, म्हणून चकचकीत तांबं दिसेपर्यंत दोन्हीकडून वायर कापत गेलो. एका बाजूला पाऊण वीत कापावी लागली. मधला तुकडा २.५ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर. आधी क्रिंप (दाबून केलेला जोड), मग सोल्डर, त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. आणि मार्ग बदलला: दोन्ही सांधे ट्रेपासून दूर, हेडलाइटच्या मागे कोरड्या जागी. ट्रे सोड्याच्या पाण्याने धुतला, वाळवून रंग मारला.

जोडून बल्ब लावला. डोळे दिपले. बल्बवर ११.७.

फॅन लावला. सेन्सरचा कपलर काढला. फॅन सुटला. एसीवर सुटला. भाचा म्हणाला, "झालं मामा." मी म्हटलं, अजून नाही. फॅन *सांगितल्यावर* फिरतो हे दिसलं. *तापल्यावर* फिरतो हे अजून पाहिलेलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

पाण्याची बाजू. रेडिएटरचा खालचा पाइप काढून घाण पाणी सोडलं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बघायला हाउसिंग उघडलं. आत थर्मोस्टॅट नाही. नुसती रिकामी खाच, त्यात लाल चिखल.

मंगळवारी अधोरेखित केलेली ओळ इथे जुळली. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी थंड इंजिनातही सरळ रेडिएटरमध्ये फिरत राहतं, आणि रोडवर वाऱ्याने काटा अर्ध्याच्या खाली जातो. कुणीतरी 'गाडी तापते' म्हणून व्हॉल्व्ह काढून टाकला असणार. आपल्याकडे ही फार जुनी पद्धत आहे आणि मला ती पटत नाही. ज्या गाडीचा फॅनच बंद आहे तिचा थर्मोस्टॅट काढून उभी गाडी थंड होत नाही. उलट रोडवर इंजिन कायम कोमट राहतं, ईसीएमला वाटतं अजून गरम व्हायचंय, ते पेट्रोल जास्त सोडतं, आणि ऑइलमध्ये ओलावा साचतो. ॲव्हरेज कमी झाल्याचं गुरुजी बोलले होते, पण त्यांना वाटलं गाडीचं वय झालं.

नवा थर्मोस्टॅट आणला, ८२ अंशाचा. झाकणही नवं, ०.९ बारचं, जुन्याचं रबर कडक होऊन चिरलेलं.

२० एप्रिल, रविवार

गॅरेज बंद. घरी आईकडून जुनं पातेलं मागून घेतलं. त्यात नवा थर्मोस्टॅट, बंद तोंडात दोरा अडकवून टांगलेला, दोन्ही सेन्सरची टोकं बुडवून, शेजारी थर्मामीटर, आणि खाली गॅस बारीक.

सेन्सरचं काम उलट्या चालीचं: तापमान वाढलं की रोध उतरतो. स्वयंपाकघरात ३६ अंश होते, तेव्हा दोघांचं वाचन १.३ किलोओहमच्या आसपास. ६० ला ५८० ओहम. ८० ला ३२०. उकळीला २०० च्या जरा खाली. काढून टाकलेला सेन्सर आणि नवा सेन्सर, दोघांच्या आकड्यांत पाच-सात ओहमचाच फरक. जुना सेन्सर पूर्ण निर्दोष. त्याच्यावर आणि रिलेवर एका निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनमधले पैसे गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

थर्मोस्टॅट ८२-८३ ला दोरा सोडून खाली पडला, म्हणजे तोंड उघडायला लागलं. ९५ पर्यंत पूर्ण उघडा. नवा भागही न तपासता लावत नाही.

पाणी उकळलं तेव्हा थर्मामीटर ९८.५ वर थांबला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, त्यामुळे इथे पाणी शंभरच्या आधीच उकळतं. म्हणून झाकणाला महत्त्व. फॅन सुरू होतो ९६ च्या आसपास; झाकण दाब धरत नसेल तर साध्या पाण्याला उकळी फुटायला अडीच अंशच बाकी. ०.९ बार दाब धरला तर तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं, आणि कूलंट असेल तर त्याहून वर.

२१ एप्रिल, सोमवार

स्वच्छ पाण्याने दोनदा फ्लश, तिसऱ्यांदा डिस्टिल्ड. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. गाडी सुरू, एसी बंद, उभ्या जागी तापू दिली. शेडमध्ये ४१ अंश.

काटा अर्ध्यावर आला. अर्ध्याच्या वर गेला. फॅन नाही.

भाच्याचा चेहरा पडला. मी इंजिन बंद केलं आणि पाइपांना हात लावून पाहिलं. वरचा पाइप कोमट, खालचा गार. हीटर लावला तर थंड हवा. म्हणजे आत हवेचा फुगा अडकलाय. थर्मोस्टॅटपाशी पाण्याऐवजी हवा असेल तर तो उघडत नाही, आणि सेन्सरच्या टोकाला पाण्याऐवजी हवा असेल तर त्याला खरं तापमान कळत नाही. वायरिंग शंभर टक्के बरोबर असूनही फॅन लागत नाही, असा हा प्रकार. वायरच्या कामात मुरलेल्या माणसाला हा चकवतो. मलाही पूर्वी चकवलंय.

तासभर थंड होऊ दिली. मग पुढची चाकं लाकडी फळ्यांवर चढवून तोंड उंच केलं, झाकण काढून नरसाळं लावलं, हीटर पूर्ण गरमवर. इंजिन सुरू करून वरचा पाइप हाताने दाबत-सोडत राहिलो. आधी काही नाही, मग बुडबुडे, मग एकदम डबकन मोठा बुडबुडा आला आणि नरसाळ्यातली पातळी दोन बोटं खाली गेली. हीटरमधून गरम वारा सुटला. पाऊण लिटर आणखी मावलं. झाकण लावलं.

परत तापू दिली. थर्मोस्टॅट हाउसिंगवर इन्फ्रारेड गन: ८० ला वरचा पाइप अचानक तापला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. ८८. ९१. ९३ ला टिक, आणि फॅन सुटला. बाहेरच्या धातूचं तापमान आतल्या पाण्यापेक्षा दोन-चार अंश कमीच दिसतं, तेव्हा आकडा बरोबर बसतो. ८८ ला बंद. पुन्हा ९३ ला चालू. अशा सात फेऱ्या मोजल्या. फॅन चालताना मोटरच्या कपलरवर १३.२, बॅटरीवर १३.८. करंट ९ अँपिअर.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी अडीचला एसी लावून शांती चौक, अशोक चौक, सात रस्ता. संध्याकाळी मुद्दाम नवी पेठेत, खरेदीच्या गर्दीत, पंधरा मिनिटं मुंगीच्या पावलांनी. काटा अर्ध्यावर चिकटलेला.

२३ एप्रिल, बुधवार

गुरुजी आले. त्यांना डबीतला सांधा दाखवला, मग बल्बचा प्रयोग करून दाखवला. कापलेला सांधा दोन जंपरांमध्ये धरून आधी मीटर, बारा. मग बल्ब, लाल ठिपका. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले. म्हणाले, "आम्ही फळ्यावर व्ही बरोबर आय आर लिहून पुढच्या धड्याला जायचो. हे मुलांना असं दाखवायला हवं होतं." तो सांधा आणि एक जुना बल्ब त्यांनी मागून घेतला. शाळेत नेऊन देणार आहेत.

बिलात वायर, स्लीव्ह, थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट आणि मजुरी. जुना सेन्सर आणि जुना रिले पुडीवर 'चांगला' लिहून खणात परत ठेवले. बोअरचं पाणी टाकायचं नाही, कमी झालं तर थंड गाडीत हेच मिश्रण, म्हणून लिटरची बाटली भरून डिकीत दिली.

२६ एप्रिल, शनिवार

पुण्यतिथी. सकाळी सहाला गुरुजी कुटुंबासह निघाले. अक्कलकोटात गर्दीमुळे गाड्या अर्धा-पाऊण तास जागच्या जागी उभ्या होत्या. साडेदहाला फोन आला. मागे टाळ-मृदंग ऐकू येत होता. "अरे, एसी चालू आहे, काटा मध्यावर आहे, आणि फॅन आत्ता तिसऱ्यांदा लागला. मी मोजतोय."

परतल्यावर थंड गाडीत रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतली पातळी बघून कळवायला सांगितलं. रात्री नऊला कळवलं: सोमवारी खूण केलेल्या रेघेवरच आहे.